चौथा टॅब

तुम्ही विश्वास ठेवणार नाहीच. नका ठेवू. पण घडलंय ते शंभर टक्के खरं, माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत. शाहिनाझच्या.

अलेक्झांड्रिया. रमजानची दुपार. पोरगी रोज्याची इतकी कडक, की थुंकी गिळतानाही विचार करेल.

ऑफिसात ती एकटीच. दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम बनवत होती. पडद्यावर तीन टॅब, ज्यावर टिचकी माराल त्याचं पान उघडणार. काम अरबीतलं, म्हणून पहिला टॅब उजव्या टोकाला. रोजा सुटायच्या, म्हणजे मगरिबच्या अजानआधी डॉक्टर वहीद बघायला येणार. त्यांना पसंत नाही पडलं, तर शाहिनाझची नोकरी गेली.

तिने प्रोग्रॅम चालू केला.

टॅब... चार.

डाव्या टोकाला एक जास्तीचा. बिननावाचा.

लिहिलेले तर तीनच! पुन्हा चालवलं. चार. सगळं पुसून नव्याने लिहिलं.

चार!

वैतागून तिने साहेबांना फोन लावला.

"तलअतसाहेब, हा चौथा मेला जातच नाहीये!"

"अगं माझे आई, तीन म्हणजे तीन. मोजता येतं ना?"

"मग तुम्हीच या मोजायला!" तिने फोन आपटला.

आणि मग... टक्.

आवाज शेजारच्या टेबलावरून आला. तिथे हिल्मी बसायचा. हे काम त्यानेच सुरू केलेलं. रमजान लागायच्या आधीच वारला बिचारा. टेबलावर आता माऊससुद्धा नव्हता.

टक्.

तिच्या पडद्यावर पहिला टॅब उघडला. टक्. दुसरा. टक्. तिसरा...

तिचे हात तर मांडीवर होते.

टक्.

चौथा. कोरं पान. आणि टॅबवर उजवीकडून एकेक अक्षर उमटत गेलं...

'एक्स-रे'.

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टर वहीद! लपवायलाही वेळ नाही.

ते वाकून बघत राहिले. मग खूश होऊन म्हणाले, "शाब्बास पोरी! एक्स-रेचा टॅब वाढवायला मी फक्त हिल्मीला सांगितलं होतं, शेवटच्या फोनवर. तुला कोण बोललं?"

नोकरी वाचली हो. पण शाहिनाझ धडपडत उठली. तिने हिल्मीच्या टेबलाचा आधार घेतला, तिथला चहाचा ग्लास उचलला. अर्धाच होता, पण कढत. दोन घोट पोटात गेले, तेव्हा कुठे...

"थांबा, शुक्रीमामा!" हुक्क्याची नळी बाजूला करत ऐकणाऱ्यांतला बहगत ओरडला. "थापा मारा, पण बेताने! अजान व्हायचीय, पोरगी थुंकी गिळत नाही, आणि चहा प्यायली? बरं, ती प्यायली म्हणू... पण आधीचा अर्धा कोणी संपवला?"