डावा गाल

बीडहून नेकनूरला जाणारी सर्व्हिस मोटार पाण्यासाठी थांबली, आणि शिवकांतानं नको तो उद्योग केला. समोरच्या बाकावर एक तरुण डोळे मिटून टेकला होता. डोक्याला रुमाल, उपरण्याचं टोक डाव्या गालावर ओढलेलं, उजवा गाल उन्हात. इतकं स्वस्थ बसलेलं माणूस तिला महिनाभरात मिळालं नव्हतं. तिनं पिशवीतून कागद काढला, शिसपेन्सिल काढली, आणि भुवई, नाक, ओठ भराभर उतरवून घेतले. ओठांपाशी जरा जास्तच वेळ गेला, हे खरं.

"झालं का, बाई?" डोळे न उघडताच तो म्हणाला. "मान लई आखडली."

पेन्सिल तिच्या हातून सुटली ती थेट त्याच्या पायाशी. म्हणजे हा जागा होता! जागा राहून, तिच्यासाठी एवढा वेळ हलला नव्हता... मोटारीचा तळ फाटून आपल्याला पोटात घ्यावं, असं शिवकांताला वाटलं. त्यानं पेन्सिल उचलून दिली, तीही दुसरीकडे बघत, आणि उपरणं काही गालावरून ढळू दिलं नाही. नेकनूर येईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

परक्या पुरुषाकडे बघू नये, हे आपल्याकडे पोरींना न शिकवताच येतं. आणि चित्र काढायचं तर बघावंच लागतं. शिवकांताची सगळी पंचाईत इथंच होती.

मामाकडे राहून ती बीडच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, चित्रकला शिकवायची; सुटीला गावी निघाली होती. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली; आता तिला हैदराबादच्या कलाशाळेत चित्रशिक्षकांच्या वरच्या वर्गाला जायचं होतं. अर्जासोबत माणूस समोर बसवून काढलेलं चेहऱ्याचं चित्र मागितलं होतं, आणि चित्राखाली त्या माणसाची सही. तिचे वडील ईश्वरप्पा नेकनूरचे किराणा दुकानदार. त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "एक डाव अर्ज कर. जमलं तर जा. न्हाईतर ह्याच वर्षी उजवून टाकतो."

पण समोर बसणार कोण? जित्या माणसाचं चित्र काढलं की त्याचं आयुष्य घटतं, अशी गावाची पक्की खात्री. ईश्वरप्पांनी तर पोटच्या पोरीपुढं हात जोडले. शांताआत्या एका पायावर तयार होती, पण तिला सही येत नव्हती, आणि तोंड मिटून बसणं त्याहून येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोटारीतला तो तरुण हजर! शंकरप्पा, चकलांब्याचा करडईचा व्यापारी. ईश्वरप्पांच्या जुन्या ओळखीतला. हंगामाची खरेदी करायला नेकनूरला मावशीकडं उतरलेला. ईश्वरप्पांनी हसत हसत लेकीचं गाऱ्हाणं सांगितलं. तो म्हणाला, "मी बसतो की. मला सवय हाय." दाराआड उभ्या शिवकांताचे कान तापले.

दुकानाच्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, आत्याला शेजारी बसवून बैठक ठरली. शंकरप्पा पाटावर बसला. जरा थांबला... मग त्यानं गालावरचं उपरणं खाली घेतलं. डाव्या गालावर देवीचे वण होते, खोल, दाट, पार जबड्यापर्यंत.

"लहानपणी देवी आल्या होत्या," तो हळू म्हणाला. "लोक ह्या गालाशीच बोलत्यात, बाई. माझ्याशी कोन बोलत न्हाई."

शिवकांतानं पेन्सिलीला टोक केलं. चारचौघांनी चेहरा तपासणं काय असतं, ते तिला ठाऊक होतं; लग्नासाठी तिला दोनदा दाखवून झालं होतं.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. अंगणातल्या लिंबाला मोहर आला होता, वाऱ्यानं तो कागदावर येऊन पडायचा, आणि ती फुंकर मारायची. "हलू नका," ती म्हणायची. "श्वास घेऊ का?" तो विचारायचा. "हळू घ्या." तो हसू दाबायचा, ओठाची रेघ बिघडायची, ती पुन्हा काढायची. आधी ती कागदाकडंच जास्त बघायची. पुढं पुढं कागदाची आठवण राहिना. आत्या वाती वळता वळता म्हणाली, "पोरी दाखवताना लई बघितल्या. पोरगा पाटावर अन् पोरगी बघतीय, हे पैल्यांदाच." दोघांनीही मान खाली घातली, त्या दिवशी काम झालंच नाही.

शेवटी चित्र पुरं झालं. शिवकांतानं फळी त्याच्याकडं वळवली. नाक, डोळे, रुमालाची घडी, सगळं जिथल्या तिथं. डावा गाल मात्र उजव्यासारखाच, स्वच्छ.

शंकरप्पानं बराच वेळ बघितलं. "लई देखणा हाय," तो म्हणाला. "कोन हाय हा?"

"मला वाटलं... तुमाला बरं वाटंल —"

"मला बरं वाटंल म्हनून? का तुमाला माझी लाज वाटली म्हनून?"

त्यानं टाक मागून घेतला, त्या परक्या देखण्या माणसाखाली आपली सही केली. "तुमचं काम आडायला नको," म्हणाला, उपरणं गालावर ओढलं आणि ओटा उतरून गेला.

अर्जाला लागणारं सगळं आता तिच्या हातात होतं, आणि तिला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. लोक निदान त्या गालाशी बोलायचे. हिनं तर तो पुसूनच टाकला होता. ईश्वरप्पा म्हणाले, नाक हाय, डोळे हाईत, सही हाय, टपालात टाक अन् मोकळी हो. तिनं त्यांच्या देखत चित्र फाडलं. ईश्वरप्पांनी कपाळावर हात मारला.

मग तिनं नवा कागद लावला. समोर कोणी नव्हतं. पण कानशिलाखालचा जोड-वण, ओठांजवळचा लांबट, हनुवटीवरचा तो एकटा... एकेक आपापल्या जागी येत गेला. जे काढायचं टाळलं होतं, तेच ती सगळ्यात जास्त बघत आली होती. या माणसात आपला जीव गुंतलाय, हे तिला तेव्हा कळलं, आणि पुन्हा नव्यानं शरम वाटली.

सहीवाचून चित्र जाणार नव्हतं, आणि शंकरप्पानं दुकानाची वाट सोडली होती. टपालाचा शेवटचा दिवस नेमका बाजारचा निघाला. शिवकांतानं पदर खोचला, फळी काखेत मारली आणि भर बाजारात, करडईच्या पोत्यांपाशी जाऊन उभी राहिली. आत्या मागून धापा टाकत आली. तराजू थांबला.

तिनं चित्र पुढं केलं. शंकरप्पा बघत राहिला. त्याचे डोळे कागदावरून हळूहळू फिरत होते, जणू स्वतःचा गाल तो पहिल्यांदाच बघत होता.

"एक ऱ्हायला," तो म्हणाला.

"कुठं?"

"कानाच्या मागं."

"तो तुमी कधी दिसू दिला न्हाई."

आजूबाजूला माणसं जमली होती. शंकरप्पानं उपरणं काढलं, खांद्यावर टाकलं, मान वळवली. तिनं फळी पोत्यावर टेकवली. राहिलेला वण तिनं बघून बघून काढला, नजर चुकवली नाही.

"एवढ्या लोकांत लाज वाटत न्हाई?" त्यानं हळूच विचारलं.

"लई वाटती. तुमची न्हाई. मी जे केलं त्याची."

त्यानं सही केली. या वेळी सावकाश, पुरं नाव. टाक परत देताना म्हणाला, "निवड झाली तर?"

"वर्षभर हैदराबाद."

"अन् न्हाई झाली तर अप्पा उजवणार."

"झाली तरी अन् न्हाई झाली तरी..." तिनं टाकाचं टोक पुसलं. "मला तुमीच पायजे. पर आधी जाऊ द्या मला."

"जा. बसायची सवय हाय मला."

वैशाखात निवडीचं पत्र आलं. ईश्वरप्पा कुरकुरले, तर आत्या म्हणाली, पोरगा बघून झालाय, आता घाई कशाची.

निघायच्या सकाळी शंकरप्पा मोटारीपाशी आला होता. खिडकीतून त्यानं घडी केलेलं उपरणं आत दिलं.

"वाटंनं धूळ लई हाय," तो म्हणाला. "बांधून घ्या तोंडाला. मला आता लागत न्हाई."