चाळीस दिवसांची ओळख

तीन वर्षं झाली, सांगलीच्या हळदपेठेत कुणी शिंकलं नव्हतं. पूर्वी सौदे सुरू झाले की हमालांची अर्धी सकाळ डोळे चोळण्यात आणि नाक ओढण्यात जायची. आता, २०५८ साली, तीच पिवळी धूळ उडत होती आणि माणसं मोकळ्या नाकाने गप्पा मारत होती. हे श्रेय कुणाचं, असं पेठेत विचारायची सोय नव्हती. विचारलं की समोरचा कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे बोट दाखवायचा आणि पुढचा अर्धा तास डॉ. पद्मजा मगदूम यांचं कौतुक ऐकावं लागायचं.

पद्मजाबाईंनाही ते आवडायचं. चोंदलेली नाकं, सुजलेले घसे आणि आंबट ढेकर यांतच त्यांची उभी हयात गेली होती. ‘परिचयी’ हे नाकात एकदाच फवारायचं औषध आलं, तेव्हा ते पेठेत प्रथम त्यांनी आणलं. हमालांचा मुकादम तायाप्पा याला त्यांनीच ते समजावलं होतं.

“ॲलर्जी म्हणजे काय, तर तुझ्या अंगातला राखणदार पाहुण्यालाच चोर समजून बोंब ठोकतो. हळदीची धूळ तुला मारायला येत नाही, पण त्याच्या दंग्यात तुझं नाक सुजतं.”

“मग जुन्या गोळ्या काय करत हुत्या?”

“राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबायच्या. परिचयी त्याला पाहुण्याची ओळख करून देतं. फवारल्यापासून चाळीस दिवस नाका-घशात जे येईल, ते तो जन्मभर घरचं मानतो. घशाशी येणारं आंबट पाणीसुद्धा. मग तिथेही सूज नाही की जळजळ नाही.”

“जे येईल त्ये? समदंच?”

“सगळंच. म्हणून त्या चाळीस दिवसांत धुळीत खुशाल फिरायचं, पण आजारी माणसाजवळ जायचं नाही.”

तायाप्पाने डोकं खाजवलं. “आदी तुमी घ्या बाई, मग आमी.”

बाईंनी साऱ्या पेठेसमोर पहिली मात्रा घेतली. हमालांनी नियम काटेकोर पाळला. बाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दवाखान्यात हजर होत्या. चाळीस दिवस रजा घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तोंडाला पट्टी होती. पण रुग्णाच्या श्वासाचा वास घेऊन रोग ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्या विद्येचा त्यांना भारी अभिमान. वास घ्यायचा म्हणजे पट्टी खाली ओढायलाच हवी. क्षणभराने काय होतंय, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांना स्वतःबद्दल असं वाटतंच.

त्यानंतर बाईंना साधी सर्दीही झाली नाही.

यंदा मात्र पेठेत क्षय निघाला. आधी एक हमाल, मग अडत्याची सून, मग तायाप्पाची बायको सखू. आरोग्य खात्याचे तरुण संशोधक डॉ. जोएल उजगरे तपासाला आले, तेव्हा बाईंनीच पुढाकार घेतला. प्रत्येकाला श्वासपिशवीत फुंकर मारायला लावली; त्या हवेतला जंतू यंत्र ओळखत असे. शेवटची पिशवी त्यांनी स्वतः फुगवली. “माझीही घ्या. यादी अर्धवट नको.”

चौथ्या दिवशी उजगरे आले ते खुर्चीवर न बसता दाराशीच उभे राहिले.

“मॅडम, सगळ्यांत जुना जंतू तुमच्या श्वासात आहे. तीन वर्षांपूर्वीचा. बाकीच्यांचा त्याच्यापासूनच फुटलाय.”

“मला खोकला नाही. ताप नाही.”

“खोकला आणि ताप ही शरीराची लढाई असते. तुमचं शरीर लढतच नाही.”

त्या चाळीस दिवसांतला एका क्षयरुग्णाचा श्वास बाईंना आठवला. त्यांनी ओळखला होता तो, अचूक ओळखला होता, आणि त्या दिवशी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

“औषधं आहेत की क्षयावर,” त्या म्हणाल्या.

“आहेत. ती जंतू कमी करतील. पण उरलेसुरले जंतू शरीराला निपटून काढावे लागतात. तुमचं शरीर ते काढणार नाही, आणि ते पुन्हा वाढतील. आणि मॅडम, त्या चाळीस दिवसांत आणखी कोण कोण, काय काय आजार घेऊन आलं होतं तुमच्याकडे?”

शेकडो. बाईंना त्यांतले बहुतेक नावानिशी आठवत होते.

“अहवालात माझं नाव स्पष्ट लिहा,” त्या म्हणाल्या. मान ताठ होती, डोळे मात्र भरले होते. “औषध चांगलं आहे. माझा पेठेतला एकही हमाल चुकला नाही. मी चुकले.”

उजगरे गेले. जरा वेळाने तायाप्पा पायरीशी आला.

“बाई, सखू लई खोकतीया. त्यो नवा पोरगेला डाक्टर नगं. तुमी येऊन तिच्या श्वासाचा वास घ्या, म्हंजे मला धीर यील.”

“तिथेच थांब. वर येऊ नकोस.”

“का वो? तुमाला काय झालंय?”

“काही नाही. ठणठणीत आहे मी.”

“मंग?” तो हसला आणि एक पायरी चढला.

“घरी जा, तायाप्पा. मी येणार नाही.”

तायाप्पाचा चेहरा पडला. तो खाली मान घालून उतरला आणि वळून वळून बघत रस्त्याला लागला. तो वळणापलीकडे जाईपर्यंत बाईंनी श्वास रोखून धरला.