विसाव्यापासून पुढं

माझं शिक्षण आठवीपर्यंत झालं, तेही रडतखडत. लिहिताना ऱ्हस्वदीर्घाच्या चुका झाल्या असतील, त्या वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. शब्दही साधेच आहेत. भारी शब्द मला येत नाहीत. गोष्ट आमच्या रखमाजीबाबांनी सांगितली. त्यांना ती ख्वाजामियाँनी सांगितली होती, ज्यांच्या खांद्यावरून ती गेली. शेवटचं थोडंसं तेवढं माझं आहे.

दोन हजार चार सालचा डिसेंबर. आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. रखमाजीबाबा नदीवर होडी चालवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. त्या आठवड्यात त्यांची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी पल्याडच्या एका मास्तरांना बायकामुलांसह नदीतल्या बेटावर न्यायचं होतं. दिवसभर तिथंच स्वयंपाक, खेळणं, आणि संध्याकाळी परत. होडी मी चालवायची असं ठरलं. लेकरांना घेऊन मी एकटा कधी गेलो नव्हतो.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही शेकोटीला बसलो होतो. नदीवरच्या पाण्याच्या मोटारी राखायला आलेले कचरू आणि कारभारी पण होते. मी भीतभीत विचारलं, "बाबा, उद्या त्यो धोंडा होडीतच ठेवू का? लेकरांचे पाय लागतील."

होडीत उजव्या अंगाला एक काळा गोल धोंडा कायम असायचा. चांगला जड. बाबा तो कधी काढत नसत.

"बाबाचा देव हाय त्यो," कचरू म्हणाला. "एकादशीला पानी घालतेत त्याला."

"तुझ्या डोस्क्यात घालतो एक दिवस," बाबा म्हणाले. पण हसले नाहीत. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "धोंडा काढायचा न्हाई."

"का पण?"

बाबांनी बिडी पेटवली. दोन झुरके घेतले. मग म्हणाले, "उद्या लेकरं बसवून राह्यला तू. तुला म्हाईत पाह्यजे. आइका."

होडी मूळची ख्वाजामियाँची. त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली. अरुंद, लांबट, सागाच्या पातळ फळ्यांची, बाहेरून डांबर. चार माणसांनी सहज खांद्यावर घ्यावी इतकी हलकी. तशी केली ती अप्पारावांसाठी. अप्पाराव जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात कामाला होते. दिवसभर गादीवर बसून थान उलगडायचे, आणि दिवाळीची सुट्टी लागली की घरच्यांना घेऊन नदीवर यायचे. लोक देवाला जातात, हे नदीला. दोन-तीन दिवस होडीतून खाली खाली जायचं, वाळूवर तीन दगड मांडून पिठलं-भाकरी करायची, उघड्यावर झोपायचं. सोबत ख्वाजामियाँ.

बायको उषाबाई, सोळा वर्षांचा धर्मराज आणि सहा वर्षांची छबू. सगळ्यांना वल्हं मारता यायचं. छबूला यायचं नाही, पण नियम पाठ होते. अप्पाराव पाढ्यासारखे म्हणून घ्यायचे. होडीत उभं राहायचं? "न्हाई." जागा बदलायची तर कशी? "गुडघ्यावर. मधून. दोन्ही काठ धरून." आणि शेजारी कुणी बसायला आलं तर? "सरकून जागा द्यायची. म्हंजे होडी कलत न्हाई."

"हे ध्यानात ठेवा," बाबा आम्हाला म्हणाले.

शहाण्णव साल. दिवाळी सरल्यावरचा शनिवार. ज्या वाळूवर मुक्काम करायचा होता ती पाण्याखाली गेलेली. वरून पाणी सोडलं होतं. दिवस मावळला तेव्हा होडी एका बंधाऱ्याच्या तोंडाशी आली. बंधाऱ्याखाली नदी खडकातून जाते, तिथून होडी उतरत नाही. उचलून रस्त्यानं पुढच्या घाटावर न्यावी लागते. घाटाच्या पुढं ख्वाजामियाँची बहीण मैमूना राहायची. तिथं गेलं की गरम भाकरी आणि छप्पर.

"सकाळी उचलू," ख्वाजामियाँ म्हणाले. "रात का काम बरा न्हाई. रस्ता माझ्या पायाखालचा न्हाई."

"ख्वाजाभाई, इथं झोपायचं कुठं? खडकावर? छबूला थंडी बाधंल," अप्पाराव म्हणाले. "सरळ रस्ता तर आहे."

होडी पालथी करून चौघांनी उचलली. अप्पाराव आणि ख्वाजामियाँ पुढं, उषाबाई आणि धर्मराज मागं. गाठोडं धर्मराजच्या पाठीवर. छबू पुढं बॅटरी घेऊन. रस्ता मोकळा. दोन्हीकडं तूर. चंद्र नुकताच मावळला होता, म्हणजे रात्रीचे दहा वाजत आले असतील.

"मामू, तुमची होडी आमच्यावर बसलीय," धर्मराज मागून म्हणाला.

"आज हिची बारी हाय बेटा. सुबहपासून तुम्ही हिच्यावर बसले."

सगळे हसले. ते शेवटचं हसणं.

अर्ध्या रस्त्यावर छबूच्या पायात काटा मोडला. ती रडायला लागली. बाजूला लिंबाखाली एक बुटका दगडी ओटा होता. ख्वाजामियाँ म्हणाले, "हितं टेकवा. चांगली जागा हाय." होडी ओट्यावर टेकवली. उषाबाईंनी बॅटरी धरून काटा काढला. ओट्यावर त्यांना थोडे चुरमुरे दिसले. फटीत गुलाल होता. कुणाची तरी पूजा असंल, असं त्यांना वाटलं.

छबू काही चालायला तयार होईना. खांदे तर चारी अडकलेले. मग अप्पाराव म्हणाले, "होडी उताणी करू. तिला आत निजवू. झोपंल."

तसं केलं. खाली गोधडी टाकली. छबू बॅटरी घेऊन आत आडवी झाली.

"आणि आता आम्ही मागं जातो, तुम्ही पुढं व्हा," अप्पाराव म्हणाले. "खांदा बदलला की हलकं वाटतं."

बाबा इथं थांबले. शेकोटीत काटकी सारली.

कारभारीच आधी बोलला. एरवी तो कुणाला बोलू देत नाही, पण आवाज बारीक झाला होता. "बाबा... त्यो विसावा व्हता?"

"विसावा व्हता."

आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मयत मसणवट्यात नेताना वाटेत एकदाच टेकवतात, विसाव्याला. तिथं खांदेकरी बदलतात, पुढचे मागं, मागचे पुढं. तिथून पुढं मात्र खाली टेकवायचं नसतं. मसणवटा येईपर्यंत.

"ख्वाजामियाँला ठाऊक न्हाई. त्यांच्यात विसावा नसतो. अप्पाराव शहरचा. गाव परकं, अंधारात जागा वळखू आली न्हाई," बाबा म्हणाले. "आन् लेकरू जितं. खांद्यावर."

ते निघाले. आता पुढं डाव्या हाताला उषाबाई, उजव्या हाताला धर्मराज. मागं डावीकडं ख्वाजामियाँ, उजवीकडं अप्पाराव. छबूची बॅटरी आतून वर लागलेली. लिंबाची पानं उजळत होती.

थोडं चालल्यावर ख्वाजामियाँच्या खांद्यात कळ आली. त्यांनी खांदा सरकवला. अजून थोडं चालले. होडी जड लागत होती. सहा वर्षांची पोर, ती किती भरणार. पण भार डावीकडं येत होता. सगळा डावीकडं.

"अप्पारावभाऊ, तुम्ही उचललं हाय ना बराबर?"

"उचललंय. मला तर... हलकी लागतेय."

पुढं उषाबाई कण्हल्या. त्याही डावीकडं होत्या.

बॅटरी विझली.

रस्त्याच्या कडेला काहीतरी पायाला लागलं. खापर. फुटलेल्या मडक्याचं. उषाबाई चालता चालता थबकल्या. मग त्यांना चुरमुरे आठवले. गुलाल आठवला.

"अहो," त्या म्हणाल्या. "तो विसावा होता."

होडी आणखी दोन पावलं पुढं सरकली.

"अहो... छबू आत आहे."

"थांबू नका," अप्पाराव म्हणाले. "टेकवू नका कुणी. चालत राहा."

"छबू," उषाबाईंनी हाक मारली.

आतून आवाज नाही.

"छबू..."

तूर हलत नव्हती. वारा नव्हता. फक्त चौघांचे पाय.

मग आतून, हळू, झोपेतल्यासारखं, "आई, मी सरकले."

"कुठं सरकलीस?"

"कडंला. त्यांना जागा दिली."

"... कुणाला?"

"त्यांना पाय लांब करायचे होते."

धर्मराजचा पाय अडखळला. होडी हलली. ख्वाजामियाँनी दात आवळून भार धरला. ते बाबांना म्हणाले होते, त्या वेळी मी अल्लाचं नाव पण विसरलो, फक्त एवढं ध्यानात होतं की हे खांद्यावरून पडलं तर पोरीवर पडंल.

अप्पाराव बोलले. नदीवर बोलायचे तसे. अगदी शांत.

"छबू, आपण पाण्यात आहोत. उभं राहायचं?"

"न्हाई."

"जागा बदलायची. कशी?"

"गुडघ्यावर. मधून. दोन्ही..." ती थांबली. "बाबा, मधून येता येत न्हाई. मधी त्यांचे पाय आहेत."

अप्पारावांचा आवाज तरीही हलला नाही. ख्वाजामियाँ म्हणायचे, असा बाप मी पाहिला नाही.

"मग उजव्या काठानं ये. माझ्या आवाजाकडं. खाली बघू नको. हळू."

आता बघा, अरुंद होडीत कुणी एका काठावर भार दिला की ती त्या अंगाला कलणारच. पाण्यात कलते, खांद्यावरही कलते. पोरगी उजव्या काठानं गुडघ्यावर आली. फळ्या करकरल्या. होडी उजवीकडं कलली नाही.

तसूभरही नाही.

दोन लहान हात अप्पारावांच्या मानेला आले. मग पाय. मग पोरगी त्यांच्या पाठीवर. घट्ट.

ते चालत राहिले.

आणि ख्वाजामियाँच्या खांद्यावरचा भार... जेवढा होता तेवढाच राहिला.

रस्ता उतारानं मसणवट्यातून घाटाकडं जात होता. राखेचा वास आला. तिथं टेकवायला पाहिजे होती. पण कुणाची हिंमत झाली नाही. धर्मराज पुढं होता, तो पळाल्यासारखा सरळ पाण्यात शिरला. होडी खांद्यावरून थेट पाण्यात उतरली.

रिकामी होडी. पाण्यावर डावीकडं कललेली.

तशीच बांधून ते मैमूनाच्या घरी पायी गेले. सकाळी छबूनं चहात पाव बुडवता बुडवता विचारलं, "मामू, ते उतरले का?"

अप्पाराव पुन्हा आले नाहीत. होडी ख्वाजामियाँकडं राहिली. त्यांनी फळी न् फळी तपासली, डांबर खरवडून नवं लावलं. होडी कललेलीच. शेवटी उजव्या अंगाला धोंडा ठेवला तेव्हा सरळ झाली. दोन वर्षांमागं ते वारले. जाताना होडी बाबांना दिली, धोंड्यासकट.

"कोन व्हता त्यो, बाबा?" कचरूनं विचारलं.

"त्या गावात नंतर इचारलं त्यांनी. कोनी म्हने पुरात मयत विसाव्यावर टाकून लोक पळाले व्हते, पानी घेऊन गेलं त्याला. कोनी म्हने तसं काही न्हाई." बाबांनी बिडी विझवली. "कोन का असंना. जिमिनीला टेकला न्हाई त्यो. ख्वाजामियाँ म्हनायचा, चार खांदे भेटले तर उतरवू बिचाऱ्याला. पन रिकाम्या होडीला खांदा द्या म्हनून कोनाला म्हनावं? लोक हासतेत."

शेकोटी निवाली.

मला झोप लागली नाही. मी सारखा मास्तरांच्या लेकरांचा विचार करत होतो. ती कुठं बसणार. कुणाच्या शेजारी.

सकाळी उजाडताच मी घाटावर गेलो. धोंडा उचलून काठावर ठेवला. होडी हळूच डावीकडं कलली, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. आत हात फिरवला. फळ्या कोरड्या होत्या.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. तरी मी कचरू आणि कारभारीला उठवलं आणि म्हणालो, "खांदा द्यायचाय." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मला वाटलं हसतील. कारभारीनं चप्पल काढून ठेवली. बाबा कंबर धरून आले. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही राहू द्या." ते म्हणाले, "मंग चौथा कोन?" आणि उजव्या अंगाला लागले. डावीकडं मी आणि कचरू होतो.

होडी किती जड होती ते मी लिहीत नाही. कचरूला विचारा. आमचा मसणवटा घाटाला लागूनच आहे, तरी तिथवर जायला बराच वेळ लागला. तिथं होडी टेकवली. चौघं बाजूला, पाठ करून उभे राहिलो. बाबांनी हात जोडले. मीही जोडले. काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "आलं बघा. उतरा."

परत उचलली तेव्हा कचरूनं एकदम माझ्याकडं पाहिलं. खांदा हलका झाला होता.

पाण्यात सोडली. सरळ उभी राहिली. धोंडा काठावरच होता. मी आत बसलो आणि वल्हं घेतलं, तेव्हा मला डाव्या फळीवर गुलाल दिसला. चिमूटभर. थोड्या वेळापूर्वीच मी तिथं हात फिरवला होता.

मी तो पुसला नाही. पल्याड गेलो. मास्तरांची धाकटी मुलगी आधी आली आणि काठ धरून विचारायला लागली, काका, मी कुठं बसू?

मी म्हणालो, "बस बाळ. कुठंही बस."