पेडण्याचा हात

१९६९च्या फेब्रुवारीत मुंबईची एक सिनेमा कंपनी मयेच्या तळ्याकाठी उतरली, तेव्हा तिथं आपलं काही काम निघेल असं डिचोलीच्या कृष्णनाथ वळवईकरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. तार खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. गावात त्यांना अजून तारमास्तरच म्हणत. सकाळी चहात पाव बुडवून खायचा, परसातल्या माडांना पाणी घालायचं, संध्याकाळी जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, बांकावर बसून पेपर वाचायचा, एवढाच त्यांचा दिवस.

दिग्दर्शक गोपाळराव स्वतः गाडी घेऊन दारात आले. सिनेमा युद्धकाळातला होता. गोव्यातली एक मुलगी परक्या जहाजावरच्या माणसावर जीव लावते आणि त्याच दिवसांत चोरून तारयंत्रावर बातम्याही पाठवते. शेवटी तिला ज्या जहाजाची बातमी द्यायची असते, त्याच जहाजावर तो असतो.

"आमच्या हिरॉइनला यंत्र वाजवायला शिकवा," गोपाळराव म्हणाले. "प्रेक्षकांना काय कळणार, असं सगळे म्हणतात. पण मला खोटं वाजवलेलं नको."

तळ्याच्या काठावर सुतारांनी फळ्यांची एक खोली उभी केली होती. खोली इतकी नवी की भिंतीला हात लावला तर रंग बोटांना लागत होता. तारयंत्र मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं. एक यंत्र नायिकेच्या टेबलावर आणि दुसरं फळ्यांच्या आड, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं. निरोप संपला की पलीकडच्या ठाण्याचं 'मिळाला' हे उत्तर तिथून कृष्णनाथांनीच द्यायचं होतं.

नायिकेचं काम करणारी देवकी पंचविशीतली, शिकण्याची हौस असलेली मुलगी होती. पण बोटं जड. आठ दिवस घोकून तिला कागदावरचं एकच वाक्य जमू लागलं, तेही अडखळत.

"मास्तर, तुम्ही वाजवता ते गाण्यासारखं वाटतं. माझं म्हणजे दारावर थापा मारल्यासारखं."

"प्रत्येकाचा हात वेगळा असतो," कृष्णनाथ म्हणाले. "टिंबं आणि रेघा त्याच, पण चाल वेगळी. पलीकडं कोण बसलाय ते आम्हाला नाव न विचारता कळायचं."

"अजून कळेल?"

कृष्णनाथ हसले. "आता कोण राहिलाय वाजवणारा?"

चित्रीकरण सुरू झालं ते एका मंगळवारी दुपारी. दिवे लागले, माणसं गप्प झाली. कृष्णनाथ फळ्यांच्या आड स्टुलावर बसले होते. देवकीनं वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्या चार अक्षरांतच ते यंत्राकडे वाकले.

हात भराभर चालला होता. कुठंही अडखळत नव्हता. आणि प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ किंचित लांबत होती, निघता निघता दारात रेंगाळणाऱ्या माणसासारखी.

तो हात गोकुळदासचा होता.

कृष्णनाथ डिचोलीच्या तार कचेरीत असताना गोकुळदास पेडण्याच्या कचेरीत होता. नऊ वर्षं कृष्णनाथ त्याच्याशी रोज बोलले, ते फक्त तारेवर. समोरासमोर भेट एकदाच, तीही कुणाच्या तरी लग्नात. १९५५च्या ऑगस्टमध्ये, फिरंग्यांच्या अमदानीत, एका सकाळी पेडण्याहून निरोप आला. पोर्तुगीजमध्ये, वहीत न लिहिण्याजोगा. मयेच्या घरात सांग, दुपारी शिपाई येतात. त्या घरात चळवळीतली तीन पोरं लपली होती. कृष्णनाथांना पहिल्या झटक्यात सगळं कळलं. आणि त्यांनी उत्तर दिलं, 'पुन्हा पाठव'.

घरात बायको होती, लहान मुलगी होती. कळलंच नाही म्हटलं की आपण सुटलो, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. गोकुळदासनं पुन्हा पाठवलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्या खेपेला निरोपाच्या शेवटी तो आणखी काहीतरी सांगू लागला. 'माझा' हा शब्द आला आणि तार बंद पडली. दुपारी शिपायांनी मयेच्या डोंगरावर पळणाऱ्या त्या पोरांवर गोळ्या झाडल्या. त्यात गेलेला सर्वांत लहान पोरगा महादेव हा गोकुळदासचा धाकटा भाऊ, हे मागाहून कळलं. गोकुळदास त्यानंतर कुणाला दिसला नाही. हे सगळं कृष्णनाथांनी चौदा वर्षं कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलं नव्हतं.

"कट!" गोपाळराव ओरडले. देवकी फळ्यांच्या कडेनं डोकावली. "मास्तर, बरोबर आलं?"

"हा मजकूर तुला कुणी दिला?"

"कुठला? कागदावरचाच वाजवला की. जहाज पहाटे निघतं."

कृष्णनाथ तडक ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे गेले. "मला जरा ऐकवा," म्हणाले. त्यानं टेप मागं फिरवून लावली. टेपवर देवकीच होती. जड, अडखळणारी, एक टिंब जास्तीचं घातलेली. जहाज पहाटे निघतं.

वय झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घरी बायकोनं, आनंदीनं, ताट वाढलं तर दोन घास खाऊन उठले.

"काय झाला तुमका? जेवण कित्याक टाकलात?"

"उन्हाचा त्रास झाला."

"मग उद्या जाव नकात. त्या सिनेमावाल्यांचा काय अडलाहा तुमच्याबगर?"

पण ते गेले. न जाणं त्यांना जास्त भीतीचं वाटलं.

बुधवारी हात पुन्हा आला. शब्द कालचेच, पण या खेपेला स्वच्छ होते. मयेच्या घरात सांग. दुपारी शिपाई येतात. माझा. तिथंच तुटलं. आता उत्तर द्यायचं म्हणून कृष्णनाथांनी बोट ठेवलं आणि बोटानं वाजवलं ते, दोन टिंबं, दोन रेघा, दोन टिंबं. 'पुन्हा पाठव'. आपण हे वाजवतोय हे त्यांना वाजवून झाल्यावर कळलं.

पलीकडं देवकीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गोपाळरावांनी वैतागून कॅमेरा थांबवला.

"अगं, एकदाच वाजवायचंय!"

"पण त्यांनी पुन्हा मागितलं ना," देवकी म्हणाली. मग स्वतःच गोंधळून उजवा हात डाव्या हातात धरून बसली. पुन्हा मागण्याची खूण कृष्णनाथांनी तिला कधी शिकवलीच नव्हती. तिची बोटं पांढरी पडली होती. कुणीतरी गरम पाणी आणलं. बोटं हलायला बराच वेळ लागला.

त्या रात्री कृष्णनाथांनी ठरवलं. तिसऱ्या खेपेला तुटायला द्यायचं नाही. पंचावन्न साली तिसऱ्या खेपेलाच गोकुळदास गेला होता. आणि आता यंत्रावर बसली होती ती कुणाची तरी पोर होती, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

गुरुवारी दुपारी तळं आरशासारखं स्तब्ध होतं. गोपाळराव म्हणाले, "हा शेवटचा टेक. मास्तर, फक्त 'मिळाला' म्हणायचंय."

"होय."

देवकीनं सुरुवात केली.

मयेच्या घरात सांग.

कृष्णनाथांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं.

दुपारी शिपाई येतात.

शेवटची रेघ लांबली.

माझा.

इथं थांबायला हवं होतं. थांबलं नाही.

माझा भाऊ तिथं आहे.

कृष्णनाथांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी बोट ठेवलं. बोट दोन टिंबांकडे ओढ घेत होतं. सगळा जोर एकवटून त्यांनी एक टिंब, एक रेघ, एक टिंब वाजवलं. 'मिळाला'. आणि चौदा वर्षांचं ओझं उतरावं म्हणून पुढं जोडलं, 'कळलं'.

यंत्र गप्प राहिलं.

मग एक ओळ आली. सावकाश. एकेक अक्षर सुटं.

म्हणजे तेव्हाही कळलं होतं.

"कट! ओके!" टाळ्या वाजल्या. देवकी मनगट चोळत फळ्यांच्या मागं आली. तिची बोटं चांगली लाल, उबदार दिसत होती.

"मास्तर, तुम्ही आज मध्येच उत्तर दिलंत. माझा निम्मा मजकूर राहिला होता. पण साहेब खूश आहेत." मग त्यांच्याकडे पाहून तिचा आवाज खाली आला. "बरं नाही का तुम्हाला?"

"मुली, आता तुला त्रास नाही व्हायचा," एवढंच ते म्हणाले.

शनिवारी कंपनीनं सामान बांधलं. देवकीनं जाताना त्यांना वाकून नमस्कार केला. पुढं तो सिनेमा म्हापशाला सात आठवडे चालला. शेवटच्या प्रसंगाला बायका रडत, असं शेजारी सांगत. कृष्णनाथ पाहायला गेले नाहीत.

पण ते पुढचं. कंपनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांकावर चहा घेऊन बसले होते. फार दिवसांनी घर शांत वाटत होतं. माडांवर ऊन आलं होतं. कुठं कसलाही आवाज नव्हता.

आतून आनंदी वैतागून म्हणाली, "अहो, पुरे करा आता. रात्रभर तां बोट आपटणा, आणि आता सकाळी परत तांच?"

कृष्णनाथांनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही हात गरम कपाभोवती होते.