करंट उतरेपर्यंत

"दादा, एसी बघणार का जरा?"

गाडीखाली झोपून काम करणाऱ्या तिनं नुसतं "थांबा जरा" म्हटलं. तिचा आवाज होता घोगरा. फोनवर रोज कुणी ना कुणी तिला दादा नाहीतर काका करून टाकायचंच. हात पुसत ती बाहेर आली, तसा समोरचा तरुण कानापर्यंत लाल झाला.

"सॉरी... मला वाटलं—"

"सगळ्यांनाच वाटतं. काय झालंय गाडीला?"

गॅरेज मामांचं होतं. ते जेवायला घरी गेले होते. पण इलेक्ट्रिक गाडीचा एसी म्हणजे तिचंच काम. त्यात मामाही हात घालायचे नाहीत.

"एसी लावला की घुंऽऽ असा आवाज येतो. दुसरीकडे दाखवला, तर ते म्हणाले अख्खा कंप्रेसर बदला. आठ दिवस लागतील. आणि मला शनिवारच्या आत गाडी हवीय... शांत."

"शनिवारी लांब जायचंय?"

"छे, कुठेच नाही. मी गाडीत बसून वाचतो. मोठ्यानं."

तिनं भुवया उंचावल्या. मग त्यानं सांगून टाकलं. तो शाळेत शिकवायचा. आत्यानं त्याला वाढवलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली होती. तेव्हापासून तो एकेक प्रकरण वाचून, रेकॉर्ड करून तिला पाठवायचा. खोलीत दोन बडबडे मित्र, म्हणून गाडीत बसून. काचा बंद, म्हणून एसी. "शनिवारी तिचं खुब्याचं ऑपरेशन आहे. कादंबरीचा शेवट ऐकल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणते. आणि वर विचारते, गाडीत भुंगा पाळलायस का?"

ती खळखळून हसली... आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

ती गाडीत त्याच्या शेजारी येऊन बसली. त्यानं आवाज टिपायला फोनवर रेकॉर्डर सुरू केला. आधी नुसता पंखा लावला. सगळं शांत. मग एसीचं बटण दाबलं. चार-पाच सेकंदांनी घुंऽऽ सुरू झालं. गारवा वाढवला, तसा सूरही चढला.

"पंख्याचा दोष नाही. आवाज कंप्रेसरचा आहे," ती म्हणाली. "पण म्हणून तो बिघडलाय असं नाही. त्याची थरथर गाडीच्या अंगात उतरतेय. ती का उतरतेय, ते बघायचं."

तिनं बॅटरीचा करंट तोडला आणि जाड हातमोजे चढवले. तो वाकून बघायला लागला, तशी तिनं त्याला मागे सारलं. "दहा मिनिटं हात लावायचा नाही. आतला करंट उतरायला वेळ लागतो."

मग दोघं टायरांच्या थप्पीवर बसली.

"तुमचा आवाज वेगळाच आहे," तो म्हणाला.

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत."

ती हातमोज्याचं टोक ओढत राहिली. कुणाला कधी न सांगितलेलं ओठांवर आलं. "शाळेत गाण्याच्या तासाला बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या. म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव."

तो हसला नाही. म्हणाला, "मी शिकवतो ना... असं एखाद्या मुलीला म्हणालो असतो, तर मला झोप लागली नसती."

दहाची बारा मिनिटं होऊन गेली होती. दोघांनीही घड्याळ बघितलं नव्हतं.

कंप्रेसरखालचे रबर लाकडासारखे कडक झाले होते, एक तर पार चिरलेला. लोखंड लोखंडाला टेकलं होतं. तिनं नवे रबर बसवले, बोल्ट आवळले, एसी लावला. गाडीत इतकं शांत झालं, की त्याचा श्वास तिला ऐकू आला. ती घाईनं खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी त्याचा फोन.

"पुन्हा आवाज?" तिनं घाईनं विचारलं. खरं तर थोडं बरंही वाटलं.

"गाडी छान आहे. घोटाळा मी केला. प्रकरणाऐवजी आपलं कालचं रेकॉर्डिंग आत्याला गेलं. ती म्हणते, ही मुलगी कोण? शेवटच्या प्रकरणातली बाईची वाक्यं हिच्याकडूनच वाचून घे. तू बायकांचं वाचतोस तेव्हा मला हसू फुटतं."

"मला नाही जमणार," म्हणून तिनं फोन ठेवला. तासाभरात एकच नट तीनदा आवळला. मग स्वतःच फोन लावला. "शाळा सुटल्यावर या."

गॅरेजमागच्या झाडाखाली, बंद काचांच्या आत तिनं वाचलं. पहिलं पान अडखळत, दुसरं हळू... तिसऱ्या पानावर ती विसरलीच की हा आपला आवाज आहे. तो आपली वाक्यं वाचायची सोडून तिच्याकडेच बघत होता.

"तुमची पाळी," तिनं कोपरानं ढोसलं.

सोमवारी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, पण चेहरा फुललेला. ऑपरेशन नीट झालं होतं.

"शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, त्या मुलीचं पुढचं पुस्तक कुठलं?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, विचारतो. पण मला दुसरंच विचारायचंय... आणि ते कुठल्या पुस्तकात बघून वाचता येत नाही."

"मग न बघता बोला."

"मला तुम्ही आवडता. आत्याला ऐकवायला म्हणून नाही. माझ्यासाठी, रोजच्यासाठी."

आतल्या बाजूला मामांच्या हातोडीचे ठोके एकदम थांबले. तिला ते कळलं. एरवी ती मान खाली घालून पुटपुटली असती.

"मलाही," ती म्हणाली. "मलाही आवडतोस तू."

तो 'तू' कधी निसटला, तिचं तिलाच कळलं नाही.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण ना."

तिनं पुन्हा म्हटलं. अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं.