वाटीत काय घालू?

"कुत्रं आहे, थांब," केतकी म्हणाली, आणि सोलापुरातल्या तिच्या खोलीपासून कितीतरी दूर, महामार्गावर एक ट्रक थांबला. त्या ट्रकला चालक नव्हता. असे ट्रक शंका आली की तिला विचारत. समोर पिशवी आहे की प्राणी? थांबू की जाऊ? दिवसभर दुसऱ्यांचं ठरवून ठरवून तिचं डोकं गिरणीसारखं घरघरत राही.

काम संपवून ती उठली, तसं स्वयंपाकघरातलं जेवणकपाट आपोआप उघडलं. आत भाकरी, मेथीची भाजी आणि ताक. तिच्या कानामागची चकती मेंदूचा थकवा, म्हणजे मनःशीण, मोजायची आणि कपाटाला कळवायची.

"मला शेव हवी होती."

"ती तुमच्या शिणाला हवी आहे," कपाट समजुतीच्या सुरात म्हणालं. "सतत निर्णय घेतले की मेंदूचा लगाम सैल पडतो. मग हात तळलेल्याकडे आणि गोडाकडे जातो. म्हणून तर निवड तुम्ही माझ्यावर सोपवलीत."

यात खोटं काही नव्हतं. पूर्वी ती ओट्याशी उभ्या उभ्या शेवेचं अख्खं पाकीट संपवायची. आता तब्येत सुधारली होती. फक्त ताट घासताना आपण काय खाल्लं, हे तिला आठवत नसे.

ओट्यावर स्टीलची एक वाटी पालथी होती. शेजारच्या शोभनाकाकूंनी दिवाळीत तिच्यातून खीर दिली होती. वाटी रिकामी परत करायची नाही, हे केतकीच्या अंगात मुरलेलं. रोज ती वाटी हातात घेई, काय घालावं ते सुचत नसे, आणि पुन्हा पालथी घाली. संक्रांतीला तिळगूळ चालला असता, पण कपाटाने तिळगूळ दिलाच नाही. एकेकाळी येताजाता दार वाजवणाऱ्या काकू आता फिरकत नव्हत्या. घरात बोलणारं होतं ते फक्त कपाट.

"या वाटीत काय घालू?" तिने आज त्यालाच विचारलं.

"ज्यांची वाटी आहे त्यांची चकती माझ्याशी जोडलेली नाही. मला ठरवता येणार नाही."

तेवढ्यात बाहेर खोकी सरकवल्याचा आवाज आला. केतकीने दार उघडलं. काकूंचं सामान जिन्यात आलं होतं. ती तशीच वाटी घेऊन गेली.

"काकू, तुमची वाटी."

काकूंनी आत डोकावून पाहिलं. "रिकामी?"

"काय घालावं तेच सुचेना. म्हणून आलेच नाही."

"घ्या. आणि मी समजले, खीर आवडली नाही बाईसाहेबांना. म्हटलं, उगीच कशाला दार वाजवा." त्यांनी पदराने वाटी पुसली. "उद्या जळगावला चालले, लेकीकडे. आता तिकडेच."

केतकी दारातच उभी राहिली.

"उभी काय राहिलीस? भांडी बांधायची आहेत अजून. शेवटचं जेवू सोबत. पिठलं टाकू की आमटी? तुला काय आवडतं?"

केतकी आत जाऊन पाटावर बसली. ट्रकचे प्रश्न याहून कितीतरी अवघड असत. तिने पिठलं आठवून पाहिलं, आमटी आठवून पाहिली. जिभेवर काहीच उमटलं नाही. नकळत तिचं बोट कानामागे गेलं. भिंतीपलीकडे कपाट गप्प होतं.

काकू पातेलं धरून थांबल्या होत्या. "सांग की गं. एवढा काय विचार?"

स्वतःला काय आवडतं, हे माणसाने कोणाला विचारायचं?