भुईनीमचा नेवता

लग्न होऊन सेलूला आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मी निकेशला विचारलं होतं, "तुमच्याकडे मेलेली झाडं तोडत नाहीत का?" मी दापोलीची. झाड म्हणजे बाराही महिने हिरवं, हे मी धरूनच चाललेली. इथे एप्रिलात टेकडीवर नुसत्या काड्या उभ्या. निकेशचं सेलूत बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि आपल्या गावच्या जंगलाचा अपमान त्याने चांगलाच मनावर घेतला. "मेले नाई ते, थांबून राह्यले," तो म्हणाला. "जुलैत पाहजो."

जुलैत पाहिलं आणि जो नाद लागला तो अजून सुटलेला नाही. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. खरं तर मला लाज वाटायला हवी होती, कारण लॅटिन नावं घडाघडा म्हणणाऱ्या मला धावडा आणि ऐन ही झाडं सालीवरून वेगळी ओळखता येत नव्हती. ते शिकवलं पुनाजीबाबांनी. बोर धरणाच्या बाजूला एका गोंड वस्तीत ते राहतात, घरात गोंडी बोलतात आणि आजूबाजूच्या गावांना झाडपाल्याचं औषध देतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून दर रविवारी मी वही घेऊन त्यांच्या मागे. ते पान चुरगळून माझ्या नाकाशी धरत, मी अंदाजाने नाव ठोकून देई, आणि ते हसत. "हे तर बकरीलेबी मालूम हाये, मॅडम." वर्षभरात मी बकरीच्या जरा पुढे सरकले, असं मला वाटत होतं.

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाचला, आम्ही नाल्याकाठी एका भुईनीमपाशी बसलो होतो. गुडघ्याएवढं झुडूप, चौकोनी दांडा, बारीक पांढरी फुलं आणि त्यांवर जांभळे ठिपके. पान जिभेवर ठेवलं तर संध्याकाळचा चहासुद्धा कडू लागतो. तापावर देतात. मला औषध नको होतं, मला रीत हवी होती. इकडे औषधाच्या झाडाला हात लावायच्या आदल्या संध्याकाळी नेवता देतात, म्हणजे आमंत्रण. बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, दांड्याला पिवळा धागा बांधायचा आणि आजाऱ्याचं नाव घेऊन म्हणायचं, उद्या सकाळी न्यायला येते, चल. मग सकाळी येऊन न्यायचं. मी मोबाइल दगडावर टेकवून चित्रीकरण सुरू केलं आणि म्हटलं, "बाबा, करून दाखवा."

"कोन बिमार हाये?"

"कोणी नाही. नोंदीपुरतं."

"मंग मी नाई करत. ज्याले पायजे त्यानं बोलावं."

उजेड जायला लागला होता आणि माझा हट्ट कायम होता. शेवटी मीच बसले. तांदूळ ठेवले, धागा बांधला. नाव कोणाचं घ्यायचं? तोंडात आलं ते आमच्या आठ वर्षांच्या लेकीचं, आचलचं. मी कॅमेऱ्याकडे बघून हसलेसुद्धा.

पुनाजीबाबा हसले नाहीत. "पोरगी बिमार हाये का?"

"नाही हो. उदाहरण म्हणून."

"त्याले काय मालूम उदाहरन?" त्यांनी वाकून धाग्याची गाठ पाहिली. "आता सकायी येजो. चुकू नोको."

"येते," मी म्हटलं. सोमवारी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. आपण येणार नाही, हे मला 'येते' म्हणतानाच माहीत होतं.

सोमवारी दुपारी आचल शाळेतून आली ती दप्तर ओढत. ताप एकशे दोन. मंगळवारी सकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, तिन्ही नाहीत. त्या दिवसांत घरोघरी तापच होता, म्हणून मी घाबरले नाही. परत आलो तेव्हा फाटकाबाहेर भिंतीच्या पायाशी एक भुईनीम दिसलं. खरं सांगते, मला आनंद झाला. नऊ वर्षं या घरात राहून दाराशी उभं असलेलं झाड दिसलं नव्हतं, म्हणजे डोळे आता कुठे उघडले. आचलला आत निजवून मी पट्टी घेऊन बाहेर आले आणि त्याची उंची मोजली. एक्केचाळीस सेंटिमीटर. माझी खोड आहे ती.

बुधवारी सकाळी ते बाहेर नव्हतं. फाटकाच्या आत, नळापाशी होतं.

दुसरं असेल, असं मी म्हणाले असते. पण त्याच्या दांड्याच्या बुडाशी, काल गवतात झाकलेला, पिवळा धागा होता. मी डावरी आहे, माझी गाठ उलटी पडते. ती गाठ माझीच होती. भोवतालची माती मात्र कोणी उकरलेली नव्हती. तिच्यावर शेवाळ तसंच होतं.

"कोनीतरी मस्करी करून राह्यलं," निकेश म्हणाला. त्याने मूठ आवळून ते मुळासकट उपटलं आणि घरामागच्या गटारात भिरकावलं. हात धुऊन तो आत आला, तोवर आचलचा ताप एकशे चारवर गेला होता. ओल्या फडक्याच्या घड्या कपाळावर ठेवताच गरम होत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. एवढी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारपर्यंत उतरला नाही तर वर्ध्याला भरती करा.

गुरुवारी सकाळी भुईनीम ओट्याच्या पायरीवर होतं. दोन फरशांच्या मधून वर आलेलं. धागा तोच, गाठ तीच. आणि मधली चार पानं चिरडून काळी पडलेली, जिथे निकेशची मूठ बसली होती.

निकेशने ते पाहिलं. तो आत जाऊन पोरीचा हात धरून बसला. मी स्कूटर काढली.

पुनाजीबाबा अंगणात बसले होते. मी काही विचारायच्या आधी तेच बोलले. "सोमवारी मी दहा वाजेपर्यंत त्याच्यापाशी बसून होतो. तू आली नाई. मंग मी घरी आलो."

"मग?"

"मंग ते निंगालं असन."

"पण बाबा, तिला ताप का आला? ती तर चांगली होती."

"काऊन म्हंजे? तापाच्या पोरीसाठी बोलावलं नं तू त्याले? थे झाड तुहा शब्द खोटा कसा पडू देईन?"

"मग काढा करून पाजू का तिला?"

"पाजू नोको. उपटू नोको. तुह्या बोलावन्यानं आला, पाहुना हाये तो." ते माझ्याकडे रागाने बघत नव्हते, आणि त्यानेच मला रडू आलं. "पाहुन्याले काय करतेत, हे का मी सांगू तुले? पानी दे. खरं सांग. अन् घरी पोचवून दे."

मी घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते.

भुईनीम उंबऱ्यावर होतं. आमचा उंबरा शहाबादी फरशीचा आहे, अखंड. त्याला चीर नाही.

ते आतल्या बाजूला झुकलं होतं. वारा नव्हता.

आतून आचलच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

मी तांब्या आणला. हळद-कुंकू आणलं. वर्गात साठ मुलांसमोर दणदणीत बोलणारी मी, उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसले. मग बोलले. "माझी पोर आजारी नव्हती. मी खोटं बोलले. तुला बोलावलं आणि आले नाही. माझं चुकलं. तिला सोड."

पाणी घातलं. ते फरशीवर पसरलं नाही. सगळं जिरलं.

मी दांड्याला हात लावला आणि झुडूप अलगद वर आलं, मुळं, माती, सगळं. उंबरा खाली कोरडा आणि गुळगुळीत होता.

ते एका रिकाम्या कुंडीत ठेवलं आणि कुंडी स्कूटरवर पायांमध्ये घेऊन मी नाल्याकाठी गेले. जागा शोधावी लागली नाही. हळदीचे तांदूळ तिथेच होते, मुंग्यांनीसुद्धा नेले नव्हते, आणि त्यांच्या मधोमध मुळांच्या मापाचा एक खड्डा. झुडूप त्यात चपखल बसलं. मी माती दाबत होते तेव्हा फोन वाजला.

"उतरला," निकेश म्हणाला. "अठ्ठ्याण्णव. भात मागून राह्यली, भात आन् दही."

मी तिथेच चिखलात बसून हमसून हमसून रडले. नऊ वर्षांत त्या जंगलात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. घरी आले तर आचल उशीला टेकून दही-भात खात होती आणि मीठ कमी आहे म्हणून बापाशी भांडत होती. ते भांडण ऐकत मी दारातच उभी राहिले. त्या दिवशी मी पाच पोळ्या खाल्ल्या. शुक्रवार-शनिवार तिला घरीच ठेवलं, रविवारी ती सायकल चालवून गुडघा फोडून आली, आणि त्या रक्ताचंसुद्धा मला कौतुक वाटलं. चित्रीकरण मी पुसून टाकलं. नोंदवहीत भुईनीमचं पान आहे. रीतीच्या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही.

सोमवारी तिला सोडायला मी स्वतः शाळेत गेले. वर्गशिक्षिका पौर्णिमा मॅडमकडे रजेचा अर्ज दिला. मंगळवार ते शनिवार, कारण ताप. त्यांनी तो वाचला, हजेरीपट उघडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पाच दिवसांचा कसा, ताई? शुक्रवार-शनिवारचा लिहून द्या नं. मंगळ, बुध, गुरू ती हजर हाये."

मी म्हटलं, "ती घरी होती. एकशे चार ताप होता."

"नाई हो. खिडकीपाशी बसली होती की रोज. हे पाहा." त्यांनी बोट ठेवलं. तिन्ही चौकोनांत निळ्या शाईत 'ह' होता. "गुरुवारी मात्र साडेअकराला कधी उठून गेली, समजलंच नाही. मी तुम्हाले फोनच करणार होते. जरा गप्पगप्पच होती. डबा आणला नव्हता, नुसतं पाणी पीत होती. मधल्या सुट्टीत बाकीचे पोरं खेळत, आणि ही मैदानात उन्हात उभी."

बाहेर आचल मैत्रिणींच्या मागे धावत होती. धापा टाकत, घामाघूम, मोठ्याने हसत. ती माझीच होती. मी तिला पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आता बघा, कशी खेळून राह्यली," पौर्णिमा मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "तवा मी इचारलंबी तिले. म्हटलं, आचल, तू काऊन नाई खेळत बेटा? तर मले म्हणे, 'आचल खेळन नं मॅडम, बरी झाल्यावर.'"